मागच्या बाजूचं गाणं

चला, उतरा. 1962 संपत आलंय आणि तुम्ही दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कुकामोंगात आहात. भोवती द्राक्षांचे मळे, लिंबांच्या बागा. समुद्र बराच लांब. तरी आत जमलेली शाळकरी पोरं सर्फिंगची गाणी करायला आली आहेत. हसू नका, दार ढकला.

हा पाल स्टुडिओ. पॉल बफ नावाच्या हुन्नरी माणसानं इथली यंत्रं स्वतःच जुळवली आहेत. तापलेल्या व्हॉल्व्हचा वास येतोय ना? जुन्या रेडिओच्या मागे नाक खुपसल्यासारखा. या पोरांच्या बँडचं नाव सर्फारीज. ‘सर्फर जो’ हे मुख्य गाणं झालंय. पण तबकडीला दुसरी बाजूही असते आणि तिच्यासाठी यांच्याकडे काहीच तयार नाही!

मग ड्रमवाला रॉन विल्सन शाळेच्या बँडमधला कवायतीचा ठेका काढतो. मैदानावर पावलं टाकायला लावणारा तो ठेका रॉन टॉम नावाच्या ड्रमवर भलत्या वेगानं सोडतो. जरा मागे सरका. खोली लहान आहे, आवाज आधी छातीत शिरतो आणि मग कानात. दोन्ही हात अखंड चालू, मध्येच एखादा टोला जोरात, की तेवढ्यात गिटार घुसते. सुरुवातीला फळी मोडल्याचा कडाका हवा, म्हणून माइकपाशी खरंच फळी मोडतात. मॅनेजर डेल स्मॉलिन वेड्यासारखा खिदळतो. लाटेवरून आपटलेल्या सर्फरची ही गंमत. नाव ‘वाइप आउट’. दोन-अडीच मिनिटांत खेळ खलास.

आता पुढच्या उन्हाळ्यात या, एखाद्या शाळेच्या जिममध्ये. घाम, केसांचं क्रीम, रबरी तळव्यांचा वास. शेकडो पाय लाकडी जमीन बडवताहेत, तुमच्या पोटऱ्यांपर्यंत हादरे येताहेत. कोपऱ्यातली पोरं खुर्चीच्या पाठीवर तोच ठेका वाजवताहेत. करून पाहा. पहिल्या चार मात्रा जमतील. पुढे मनगटं भरून येतील. विल्सन ते हसत वाजवतो, हे मला अजून पटत नाही.

मुख्य गाणं मागे पडलं. मागच्या बाजूची ही घाईतली भर अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पहिला क्रमांक अडवून बसला होता तेरा वर्षांचा पोरगा, स्टीव्ही वंडर.