पंचेचाळीस अंशांचं कूळ

डिरॅकने १९३३ साली एका लेखात म्हटलं होतं, की एका क्षणाची तरंगस्थिती पुढच्या क्षणी नेणारा गुणक हा अभिजात यामिकीतल्या 'ॲक्शन'वरून बनवलेल्या घातांकी राशीशी सदृश असतो. प्रिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या फाइनमनला हर्बर्ट येले या भौतिकशास्त्रज्ञाने हा लेख दाखवला. सदृश म्हणजे नेमकं काय, हे पाहायला फाइनमनने काळाचा एक इवलासा तुकडा घेऊन दोन्ही राशी सरळ समान धरल्या. जमेना. एका स्थिरांकाने भागल्यावर मात्र थेट श्रोडिंजरचं समीकरण उतरलं.

त्या स्थिरांकाच्या वर्गमुळाखाली दोन 'पाय' (2π) आहे, प्लांकचा लघुकृत स्थिरांक (ħ) आहे, काळाचा तुकडा आणि कणाचं वस्तुमान आहे. शिवाय वजा एकचं वर्गमूळ, म्हणजे 'आय'सुद्धा आहे. आयचं वर्गमूळ काढलं की पंचेचाळीस अंशांचं वळण मिळतं. हे वळण आलं कुठून?

पाठ्यपुस्तकांचं उत्तर एका ओळीचं असतं: गाउसचा इंटिग्रल घ्या, त्यातल्या स्थिरांकाच्या जागी कल्पित संख्या घाला. मला हे कूळ मान्य नाही.

गाउसच्या घराण्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. नाणेफेकीचं गणित करताना द म्वाव्र १७३३ मध्ये घंटाकृती वक्रापर्यंत आला, त्यातलं दोन पायचं वर्गमूळ स्टर्लिंगने ओळखलं, १७७४ मध्ये लाप्लासने इंटिग्रल सोडवला. गाउसने १८०९ च्या ग्रंथात श्रेय लाप्लासलाच दिलं. आज वर्गात शिकवतात ती युक्ती प्वासाँच्या नावावर आहे. इंटिग्रलला त्याच इंटिग्रलने गुणायचं, म्हणजे एका रेषेऐवजी सगळं प्रतल हाती येतं. मग क्ष-य सोडून त्रिज्या आणि कोन घ्यायचे. कोनाचे दोन पाय, त्रिज्येचा अर्धा, गुणाकार पाय. मूळ उत्तर पायचं वर्गमूळ. सुरेख आहे, पण या घराण्यात आय कुठेच नाही.

आय ज्या घराण्यात आहे ते ऑइलरचं. १७४४ मध्ये लवचीक पट्ट्यांच्या वक्रांवर लिहिताना त्याने एक विलक्षण स्प्रिंग विचारात घेतली. तिचं एक टोक घट्ट धरायचं, मोकळ्या टोकाला वजन लावायचं, आणि ती पूर्ण सरळ व्हायला हवी. वजन नसताना तिचा आकार कसा असेल? मोकळ्या टोकापासून जितकं लांब जावं तितकी वक्रता त्याच प्रमाणात वाढते, आणि पट्टी गुंडाळत गुंडाळत एका बिंदूकडे जाते. तो बिंदू कुठे आहे, हे ऑइलरला त्या वेळी सांगता आलं नाही. उत्तर सापडलं १७८१ मध्ये, सदतीस वर्षांनी, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. गॅमा फलनात त्याने कल्पित संख्या घातली आणि शून्यापासून अनंतापर्यंतचे दोन इंटिग्रल काढले, एक कोसाइनचा आणि एक साइनचा. दोन्ही समान निघाले. आडवं अंतर आणि उभं अंतर सारखंच, म्हणजे स्प्रिंगचा तो डोळा मोकळ्या टोकापासून बरोबर पंचेचाळीस अंशांच्या रेषेवर!

फाइनमनच्या स्थिरांकातलं वळण ते हेच.

मधला दुवा फ्रेनेलचा. प्रकाश धारेवरून वळतो तेव्हा बाजूच्या लहरींची कला अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मागे पडत जाते; त्यांची बेरीज करताना ऑइलरचेच दोन इंटिग्रल उभे राहतात. फ्रेनेलने त्यांचे तक्तेच तयार केले. त्याने ऑइलरचा लेख वाचला होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्या इंजिनिअरच्या कानावर ऑइलरचं गणित पडलंच नसेल, हे मनाला पटत नाही. १८१९ मध्ये पॅरिसच्या अकादमीने त्याच्या प्रबंधाला पारितोषिक दिलं, आणि या कथेतली मला सर्वांत थरारक वाटणारी गोष्ट परीक्षकांच्या यादीत आहे: लाप्लास आणि प्वासाँ, दोघेही! घंटेच्या वक्राचं घराणं स्प्रिंगच्या घराण्याची परीक्षा घेत होतं. प्वासाँने तर फ्रेनेलचंच गणित पुढे रेटून सांगितलं, की हे खरं असेल तर गोल तबकडीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका दिसायला हवा. अरागोने प्रयोग केला, ठिपका दिसला.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा मार्क काट्सचा आहे. कॉर्नेलमध्ये फाइनमनचं व्याख्यान ऐकताना त्याच्या लक्षात आलं, की काळ कल्पित केला तर फाइनमनची बेरीज म्हणजे वीनरने १९२३ मध्ये मांडलेली यादृच्छिक भ्रमणाची बेरीज होते. तिथून मागे गेलं की पुन्हा नाणेफेक. गणिती काटेकोरपणाही त्याच बाजूला आहे, कारण तिथे इंटिग्रलमधली राशी झपाट्याने विरते. स्प्रिंगच्या इंटिग्रलमधली राशी कधी विरत नाही, नुसती फिरत राहते. तरीही काळ कल्पित करणं ही नंतरची सोय आहे. १९४८ च्या लेखात फाइनमनने स्वतः आठवण काढली ती हायगेन्सच्या तत्त्वाची. फ्रेनेलनेही प्रत्येक बिंदूतून निघणाऱ्या लहरींची बेरीज मांडली ती त्याच तत्त्वावरून, आणि कण एका क्षणातून पुढच्या क्षणात जातो तेव्हा होणारी बेरीज तीच आहे. फक्त पडद्यापर्यंतच्या अंतराच्या जागी काळ आला आणि तरंगलांबीच्या जागी प्लांकचा स्थिरांक भागिले वस्तुमान.