बेट कशाने होते? घारापुरी आणि भामरागड : एक विवेचन

माजरी हे रेल्वे जंक्शन आहे. नागपूर–बल्लारशाह या मुख्य मार्गावरून वणीकडचा फाटा इथे फुटतो आणि आसपासच्या खाणींतला कोळसा वाघिणींत भरून देशभर जातो. अशा गावातला माणूस अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही, गाडी किती वाजता आहे ते सांगतो. जंक्शन म्हणजे वाटा एकत्र येण्याची जागा आणि बेट म्हणजे वाट थांबण्याची जागा, असा या दोन प्रकारच्या वस्त्यांमधला फरक वरवर दिसतो. पण बेट नेमके कशाने होते, हे तपासू लागले की ही सरळ विभागणी टिकत नाही.

चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन ही शाळेतली व्याख्या भूरूपाला लागू पडते, वस्तीला पडत नाही. साष्टी हे आजही बेट आहे. वसईची खाडी आणि ठाण्याची खाडी त्याला वेढून आहेत. तरीही बोरिवलीत राहणारा कोणी स्वतःला बेटकरी समजत नाही, कारण पाणी असले तरी ते त्याच्या ये-जा करण्याच्या आड येत नाही. उलट गडचिरोली जिल्ह्यातले भामरागड समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, पण पावसाळ्यात त्याचा संपर्क वारंवार तुटतो. त्यामुळे बेटपण पाण्याच्या रुंदीवर मोजून चालणार नाही. पलीकडे जाण्याची खात्री किती, ती कोणाच्या हाती आणि ती नसेल त्या दिवसांसाठी घरात काय साठवलेले असते, यावर ते मोजायला हवे. या कसोटीवर महाराष्ट्रातले एक खरेखुरे सागरी बेट आणि एक जंगलातले पावसाळी बेट शेजारी ठेवून पाहू.

घारापुरी मुंबई बंदराच्या पाण्यात, गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे 10 किलोमीटरवर आहे, पण ती उरण तालुक्यात म्हणजे रायगड जिल्ह्यात येते. काळ्या पाषाणाच्या दोन टेकड्या, मधून उतरलेली घळ, किनाऱ्याला चिखल आणि तिवरांचे रान, आणि शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर ही तीन गावे. एवढ्याशा बेटावर सहाव्या शतकातली शैव लेणी आहेत आणि 1987 पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. पोर्तुगीजांनी इथल्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटले. तो हत्ती आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. लेण्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून त्यांच्यापाशी इथे थांबत नाही. बेटावरची वस्ती मात्र लेण्यांच्या सावलीत झाकली गेली आणि तिच्या भूगोलाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

हा भूगोल भरती-ओहोटीचा आहे. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. किनारा उभ्या कड्याचा असता तर एवढ्या फरकाने विशेष बिघडले नसते. घारापुरीचा किनारा उथळ आणि गाळाचा आहे, त्यामुळे पाणी उतरते तेव्हा ते खालीही जाते आणि लांबही जाते. बोट गाळात बसते आणि माणसाला गुडघाभर चिखल तुडवत तिच्यापर्यंत जावे लागते. बेटाच्या वायव्येला पर्यटकांसाठी जो लांबच लांब धक्का आहे आणि ज्यावर छोटी गाडी धावते, त्याच्या लांबीचे कारण हेच. पाणी कायम राहील एवढ्या खोलीपर्यंत धक्का नेल्याशिवाय बोटींचे वेळापत्रक लावता येत नाही.

कोळ्यांचे स्वतःचे वेळापत्रक याहून जुने आहे आणि ते तिथीवर चालते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला साधारण बारा. हा हिशेब इथे पोरासोरांनाही येतो आणि तो कागदावर मांडून पाहिला की बेटाचा दिनक्रमच उलगडतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, म्हणून ओहोटीलाही होडी काढणे तितकेसे अवघड जात नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. भरती बाराला, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि तीही सर्वांत खोल ओहोटी. पर्यटकांच्या शेवटच्या बोटी नेमक्या संध्याकाळीच मुंबईकडे परततात. म्हणजे उधाणाच्या संध्याकाळी, धक्का सोडून बाकीच्या किनाऱ्यावर, चिखलाचा पट्टा सर्वांत रुंद असताना बेट एकटे पडते. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला मुंबईचे दिवे समोर दिसत असतात, पण त्या घटकेला तिच्या दृष्टीने मुंबई 10 किलोमीटरवर नसते, तिथी जितकी दूर ठेवेल तितकी दूर असते.

या तिथीच्या पंचांगावर दुसरे एक वेळापत्रक येऊन बसले आहे, ते पर्यटनाचे. लेणी सोमवारी बंद असतात. मग सोमवारी बोटी रोडावतात आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंची दुकाने थंडावतात. ज्या घरात एक भाऊ होडीवर जातो आणि दुसरा दगडी मूर्ती विकतो, त्या घरात एक जण अष्टमीचा विचार करत असतो आणि दुसरा सोमवारचा. दोन्ही चक्रे कधी जुळतात, कधी एकमेकांना छेद देतात. पर्यटनाने पैसा आणला हे खरे. पण त्याने तिन्ही गावांना सारखे उजळले नाही, कारण धक्का आणि लेण्यांची वाट यांच्या जवळ असणाऱ्याला मिळते ते मोराबंदरला बसून मिळत नाही.

खात्री कोणाच्या हाती, हा प्रश्न घारापुरीत विशेष टोकदार होतो. लेणी पुरातत्त्व खात्याची. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरांत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगीची अट. किनाऱ्याला किनारा नियमन क्षेत्राचे नियम. तिवरांना वेगळे संरक्षण. भोवतालच्या पाण्यात मुंबई बंदराची जहाजे आणि पलीकडे 1989 मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर. या साऱ्यांच्या मधोमध एक ग्रामपंचायत. यातले बहुतेक नियम मला रास्तच वाटतात. तिवरे तोडू दिली आणि लेण्यांलगत इमारती उभ्या राहिल्या तर बेटाजवळ विकायलाही काही उरणार नाही. पण आपल्या पाण्यावर आणि जमिनीवर आपला निर्णय चालत नाही, ही बेटकऱ्याची अवस्था त्यामुळे बदलत नाही. 7 ऑगस्ट 2010 रोजी बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन मालवाहू जहाजे आदळली, शेकडो टन तेल सांडले आणि त्याचा काळा थर घारापुरीच्या तिवरांपर्यंत आला. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून 15 जणांचा जीव गेला. दोन्ही वेळी कारण बेटाबाहेरचे होते. पण तेलाचा थर बेटाच्या किनाऱ्याला चढला आणि दुसरा अपघात घडला तो बेटाच्या रोजच्या वाटेवर.

विजेची गोष्टही अशीच खात्रीची आहे. स्वातंत्र्यानंतर सुमारे 70 वर्षे बेटावर वीज पोहोचली नव्हती. संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा आणि मग अंधार. फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली. खर्च सुमारे 25 कोटी रुपये. बातम्यांत दिव्यांचे फोटो आले, पण मासळी विकणाऱ्या घराला दिव्यापेक्षा शीतपेटीचे मोल मोठे. पकडलेली मासळी त्याच ओहोटी-भरतीत विकली पाहिजे ही घाई वीज नसताना टळत नव्हती. बर्फ पलीकडून आणायचा तर त्यालाही बोटच लागायची. म्हणजे विजेने पाणी ओलांडण्याची एक गरज कमी केली. बेटावरच्या सोयी मोजताना हा हिशेब धरायला हवा: ही सोय पलीकडच्या किती फेऱ्या वाचवते?

आता भामरागड. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावरचे हे तालुक्याचे गाव, माडिया गोंडांच्या मुलखातले. तीनेक किलोमीटरवर हेमलकसा, जिथे 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. आलापल्लीहून येणारा रस्ता पर्लकोटा ओलांडून गावात शिरतो. जुना पूल ठेंगणा. जोराच्या पावसात तो पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या शंभराहून अधिक गावांची वाट बंद होते. इथेही पाणी नुसते वरून येत नाही. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे चढत जाते. खाली अडलेले पाणी वर चढणे, हे खाडीकाठच्या माणसाला लगेच ओळखीचे वाटेल.

पण एक फरक आहे आणि सारे विवेचन त्याच्याभोवती फिरते. उधाण कधी येणार हे तिथीवरून महिनाभर आधी सांगता येते. पूर कधी येणार, किती दिवस राहणार, हे सांगता येत नाही. म्हणून घारापुरी वेळ सांभाळून जगते आणि भामरागड साठा करून. गडचिरोलीच्या दुर्गम भागात पावसाळ्याच्या आधी चार महिन्यांचे रेशन पोहोचवण्याची पद्धत आहे. दिवस भरत आलेल्या बायांनी आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे म्हणून माहेरघरे आहेत. आधी पोहोचणे हाच इथे प्रवास.

हा फरक कायमचा मात्र नाही. जून लागला की घारापुरीचेही वेळापत्रक मोडते. वारा सुटतो, धोक्याचा बावटा लागला की बोटी थांबतात, पर्यटक आटतात. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तिथीचा हिशेब अचूक असूनही त्या दिवसांत उपयोगी पडत नाही, आणि सागरी बेट जंगलातल्या बेटासारखे साठ्यावर जगू लागते. याच दोन महिन्यांत टेकड्यांच्या पायथ्याशी भाताची लावणी होते. वर्षाच्या उत्पन्नात त्या भाताचा वाटा थोडका, म्हणून शहरातून पाहणाऱ्याला ती शेती निरुपयोगी वाटते आणि तिथे काहीतरी पर्यटनाचे उभारावे असे सुचते. पण तो तांदूळ विकण्यासाठी नसतो. पुढच्या पावसाळ्यात, बोट बंद असताना आणि जाळे वाळत टांगलेले असताना, कणगीत जे असते ते तेच.