जुनं घर कोणत्या सालचं?

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला इतिहासाच्या व्याख्यानमालेत बोलावलं की तो आधी व्याख्या मागत बसणार, अशी भीती तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. ती थोडीफार खरी ठरणार आहे. आजचा विषय आहे कोकणातलं जुनं घर, त्याची डागडुजी आणि त्याच्या मागची बाग. निवृत्तीनंतर राजापूर तालुक्यातलं वडिलोपार्जित घर आम्ही राहण्याजोगं करायला घेतलं. तेव्हापासून येणारा-जाणारा हटकून विचारतो, घर किती सालचं? साधा प्रश्न. पण इतिहासात साधे प्रश्नच फार दूर नेतात.

छप्पर उतरवलं तेव्हा पहिला पुरावा हाती आला. मंगलोरी कौलांवर बाझल मिशनचं नाव आणि खाली १८६५ असं साल उठवलेलं होतं. गवंड्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी घराचं वय तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पण १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचं साल. बाझल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी त्या साली मंगळूरच्या जेप्पू भागात यंत्रावर दाबून कौलं काढायला सुरुवात केली, आणि पुढे हेच साल कौलावर व्यापारी खुणेसारखं उमटत राहिलं. तेव्हा त्या कौलावरून सिद्ध होतं ते एवढंच, की हे छप्पर १८६५ च्या आधीचं नाही. भिंतींबद्दल ते काहीच सांगत नाही. मंगलोरी कौल गलबतातून किनाऱ्यावरच्या बंदरांत यायचं, तिथून बैलगाडीने किंवा डोक्यावरून गावात. त्याआधी पैसेवाल्यांच्या घरावर कुंभाराची नळीची कौलं आणि बाकी सगळ्यांच्या घरावर गवत. गवत दरसाल शाकारावं लागे. ‘शाकारणी’ हा शब्द आज आम्ही कौलं परतण्यालाही वापरतो. गवत गेलं, शब्द राहिला.

भिंतींची गोष्ट निराळी. त्या जांभ्याच्या. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात पाहिलेल्या या दगडाला १८०७ साली लॅटराइट असं नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवेवर राहिला की घट्ट होतो. त्याच्या अंगात भोकं. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. जुन्या लोकांनी त्याला चुन्याचा गिलावा केला, कारण चुनाही श्वास घेतो. शिंपले भाजून केलेला चुना विरवला, वाळू घालून मळला, भिंतीला लावला, की हवेतला कर्बवायू घेत घेत तो सावकाश परत दगड होतो. सिमेंटचा गिलावा भिंतीचं तोंड बंद करतो. पाणी आत अडकतं, क्षार फुगतात आणि चार-दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आमच्या माजघराच्या भिंतीला मागच्या पिढीत असा गिलावा झाला होता. तो काढायलाच तीन आठवडे गेले. चुना मळणारा माणूस शोधायला त्याहून जास्त.

म्हणजे घराचा प्रत्येक भाग आपापल्या सालचा. फणसाचे खांब एका काळातले, कौलं दुसऱ्या, खिडक्यांचे गज तिसऱ्या, विजेची वायर चौथ्या. मग ‘पूर्ववत करायचं’ म्हणजे कोणत्या सालासारखं? हा वाद युरोपात एकोणिसाव्या शतकात जोरात झाला. व्हिओले-ल-द्युक म्हणे, इमारत तिच्या पूर्ण रूपाला न्यावी, मग तसं रूप कधी नसलं तरी चालेल. रस्किनने १८४९ साली अशा जीर्णोद्धाराला सरळ खोटेपणा म्हटलं. विल्यम मॉरिसने १८७७ साली संस्था काढली ती जुन्या इमारतींना अशा जीर्णोद्धारापासून वाचवायला! त्यांचा उपाय एकच: रोजची निगा ठेवा, म्हणजे जीर्णोद्धाराची पाळीच येणार नाही.

वाचायला फार छान. पण ही रोजची निगा करायची कोणी? आमच्या मते जुन्या घराचा खरा इतिहास इथे सुरू होतो, आणि तो आठवणींच्या पुस्तकांत क्वचित सापडतो.

मातीची जमीन दर आठ-पंधरा दिवसांनी शेणाने सारवावी लागते, आणि पावसाळा संपला की अंगण नव्याने करून चोपावं लागतं. हे काम घरच्या बायकांचं. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर वाशांना बसायचा, लाकूड काळंभोर आणि कोरडं राहायचं, किडे-भुंगे लांब राहायचे. आमच्याकडे गॅस आल्यावर काही वर्षांतच वासे पोखरायला लागले. हे ऐकून एका पाहुण्यांनी मोठ्या उत्साहाने चूल परत पेटवायचा सल्ला दिला. पण त्याच धुराखाली तीन पिढ्यांच्या बायका खोकत बसल्या होत्या. लाकूड टिकलं ते त्यांच्या डोळ्यांच्या आणि छातीच्या खर्चाने. हा जमाखर्च मांडल्याशिवाय ‘पूर्वीची घरं कशी टिकायची’ हे वाक्य उच्चारू नये असं आम्हाला वाटतं. वाशांना आम्ही तेल लावतो.

बाहेरचं काम कोणाचं? चिरे वाहणं, गवत कापणं, शाकारणी, विहिरीचा गाळ काढणं? रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोतीची पद्धत होती. खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून धान्याचा वाटा घ्यायचा, वर वेठही. मोठ्या घरांच्या कौलांखाली ही वेठ आहे. अलिबागजवळच्या चरी गावी शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन न कसण्याचा संप केला, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. त्याआधीपासून माणसं मुंबईच्या गिरण्यांकडे चाललेलीच होती, कुळंही आणि खोतांची धाकटी पातीही. गावाकडच्या चुली मनिऑर्डरीवर पेटू लागल्या. फुकटचे हात गेले, पगाराचे हात परवडेनात, आणि एकेका घराला कुलूप लागलं. पावसाने घरं पाडली असं आपण म्हणतो. कोकणात पाऊस काही नवा नव्हता.

आता बाग. लोक म्हणतात, घराचं काय ते असो, परसातली झाडं तरी अस्सल आपली! आम्ही त्यांना फिरवून आणतो. मिरची, पेरू, पपई, अननस आणि काजू ही सगळी अमेरिका खंडातली. बहुतेक पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकापासून इकडे आलेली. देव्हाऱ्यावर वाहतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी आणि दारातला पांढरा चाफा तिकडचेच. कुंपणाला लावलेला मोगली एरंडसुद्धा अमेरिकेतला. नाव तेवढं मोगलांचं. रातांबा, सुरंगी आणि फणस मात्र सह्याद्रीचे, ते हसतात. मागच्या उतारावरच्या काजूच्या रांगा तर अगदी अलीकडच्या. १९९० साली राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा गावोगाव माळ खणून कलमं लावली गेली.

पण परकं झाडही आपोआप आपलं होत नाही. त्याला आळं करावं लागतं. पहाटे पोफळींना पाणी, मग पडवळाच्या मांडवाची दोरी, दुपारी माकडं हाकणं. माकडं पेरू नेतात आणि जाताना चार कौलं फोडतात, म्हणून बाग आणि छप्पर ही दोन कामं वेगळी धरताच येत नाहीत. आंब्याच्या बागांत राखणीला आता नेपाळातले लोक असतात, चिरेखाणीवर आणि गवंडीकामावर कर्नाटकातले, झारखंडातले. कोकणी घर आज टिकतंय ते त्यांच्या हातांनी. आमच्या घरात मजुरीचा हिशेब वहीत रोजच्या रोज लिहिला जातो, माणसाच्या नावानिशी. पूर्वीच्या वह्यांत नारळ मोजलेले आहेत, माणसं नाहीत.

शेवटी तो व्याख्येचा प्रश्न. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का? एकही नाही, आणि त्यांच्यावेगळाही रथ नाही. ग्रीकांकडे थिसियसचं जहाज आहे, फळी फळी बदललेलं. त्यावर हॉब्जने खोडी काढली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? वर्गात आम्ही हे तीस वर्षं शिकवलं, आणि विद्यार्थी सौजन्य म्हणून ऐकत. आता जुन्या लाकडाचे व्यापारी गावात येतात. पडक्या घरांचे कोरीव खांब, दरवाजे, झोपाळ्याच्या कड्या उचलतात आणि शहरातल्या हॉटेलांत त्या वस्तूंचं ‘कोकणी घर’ उभं राहतं. तिथलं लाकूड अस्सल. इथे आमच्याकडे चार खांब नवे, कौलं अर्धी मिश्र, जमीन दोन खोल्यांत लादीची आणि एका खोलीत शेणाची. ती सारवायला येणाऱ्या बाईंशी मजुरी ठरवून. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, लादी घाला, गुडघे दुखतात. पुढच्या उन्हाळ्यात तीही खोली लादीची होईल.

वेळ संपत आली आहे. चुन्याचं प्रमाण किंवा खोतीचे कागद वाचायचे कसे, यावर कोणाला विचारायचं असेल तर विचारा.