खडकीचे सॅपर्स आणि इराकचे तेल

डिसेंबर २०२३. दुबईच्या हवामान परिषदेत जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचे आवाहन अंतिम ठरावात प्रथमच आले. त्यापूर्वी काही दिवस तेलनिर्यातदारांच्या ‘ओपेक’ संघटनेने आपल्या सदस्यांना अशा मजकुरास विरोध करण्याचे आवाहन केले होते. गिऱ्हाईकच उद्या माल नको म्हणू लागले, तर या देशांनी जगायचे कशावर? या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ लागलो, की वाट आपल्या खडकीवरून जाते. आजचा धागा त्याविषयी.

तेलाची मागणी निसर्गतः निर्माण झालेली नाही. तिच्यामागे सरकारी निर्णय आहेत. ब्रिटिश आरमार कोळशावर चाले आणि उत्तम कोळसा वेल्समध्ये होता. १९११ मध्ये चर्चिल आरमार खात्याचे मंत्री झाले आणि लवकरच नव्या मोठ्या युद्धनौका तेलावर चालविण्याचे ठरले. वेग वाढणार होता, पण ब्रिटनपाशी पुरेसे तेल नव्हते. ते १९०८ मध्ये इराणात मस्जिद-ए-सुलेमान येथे सापडले होते. जून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने सुमारे २२ लाख पौंड गुंतवून अँग्लो-पर्शियन कंपनीचे ५१ टक्के समभाग घेतले. गिऱ्हाईक आणि मालक आता एकच झाले.

या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना अबादानला, शत्त-अल-अरबच्या काठी होता. पलीकडे तुर्कांचा बसरा प्रांत. ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारले ५ नोव्हेंबर १९१४ रोजी (१८१७ च्या खडकीच्या लढाईचीही तारीख हीच, निव्वळ योगायोग), आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईहून आधीच निघालेली फौज फाव येथे उतरली. ही फौज सहाव्या पुणे डिव्हिजनची. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. खडकीला मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या १७ व २२ क्रमांकाच्या कंपन्याही याच डिव्हिजनच्या. ही स्वारी केवळ तेलासाठी होती असे म्हणणे मात्र उथळपणाचे ठरेल; आखातातील अरब शेखांवर वचक राखणे हाही हेतू होता. तरी अबादानचे रक्षण हे तिला नेमून दिलेले काम होते.

पुढची कथा कूटची. बगदादकडे निघालेली डिव्हिजन परतवली गेली आणि डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस कूट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली. धान्य संपत आले, तेव्हा घोड्यांचे मांस शिजू लागले. अनेक हिंदी शिपायांनी ते कित्येक आठवडे नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जण शरण गेले. त्यांतले हजारो कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर मेले. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या नोंदली गेली. मला या प्रकरणात सर्वांत अधिक बोचते ते हेच.

युद्धानंतर त्या भूमीतून इराक हा देश घडवला गेला. १९२७ मध्ये किर्कुकला तेल लागले. १९६० मध्ये ओपेकची स्थापना बगदादलाच झाली आणि १९७२ मध्ये इराकने तेल कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. आज इराक सरकारच्या महसुलाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग तेलाचा आहे.

आता निर्णयांची दिशा उलटली आहे. युरोपीय संघाने २०३५ नंतरच्या नव्या मोटारींसाठी कायदा केला (तो सैल करण्याचे प्रयत्नही चालू आहेत), चीनमध्ये विजेवरच्या मोटारी झपाट्याने वाढत आहेत. आपणही या गोष्टीबाहेर नाही. इराक हा भारताला कच्चे तेल पुरवणाऱ्या सर्वांत मोठ्या देशांपैकी एक, आणि पुण्यात २०१९ पासून पीएमपीच्या विजेवरील बस धावत आहेत.

मागणी घटली की काय होते, याची चुणूक २०२० मध्ये दिसली. महासाथीत तेलाचे भाव कोसळले आणि इराकमध्ये लाखो सरकारी नोकरांचे पगार रखडले. नॉर्वेने तेलाचा पैसा १९९० च्या दशकापासून निधीत साठवला. अमिरातींनी बंदरे, विमानसेवा आणि पर्यटन उभे केले. इराकची तीच वर्षे १९८० ते १९८८ चे इराणशी युद्ध, १९९० नंतरचे निर्बंध आणि २००३ चे आक्रमण यांत गेली.