मुलाचा ताबा आणि आरोपाची शहानिशा

नवरा-बायको वेगळी झाली की भांड्याकुंड्यांची वाटणी होते, दागिन्यांची होते. लेकराची कशी करणार? मग कोर्टात अर्ज येतो. आई सांगते, "हा दारू पिऊन पोराला मारतो." बाप सांगतो, "सारे खोटे. पोर माझ्यापासून तोडण्याचा हा कावा आहे." दोघेही शपथेवर बोलतात. न्यायाधीशाने अशा वेळी आरोपाच्या मुळाशी जावे, की दोघांची समजूत घालून प्रकरण मिटवावे?

प्रश्न जुना आहे. १८९० साली पालक व पाल्य कायदा झाला, तेव्हा पनवेल कुलाबा जिल्ह्यात होते. (त्याचे 'रायगड' हे नाव १९८१ सालचे.) आता दूर जिल्हा न्यायालयात बसलेल्या साहेबाला पनवेलच्या एखाद्या आळीतल्या घरात काय चालते ते कसे कळावे? कायदा करणारांना ही अडचण ठाऊक होती. कलम ४६ मध्ये त्यांनी लिहून ठेवले की, न्यायालयाने कलेक्टरकडून किंवा आपल्या हाताखालच्या कोर्टाकडून अहवाल मागवावा. त्यांनी जरूर ती चौकशी करावी. आणि तो अहवाल पुरावा म्हणून धरावा. म्हणजे जिल्हा न्यायाधीशाला पनवेलच्या कोर्टाला विचारता येत होते, "बाबा, तिथली हकिकत काय?" मला हे कलम फार शहाणपणाचे वाटते. पण त्यात एक शब्द ढिला राहिला. न्यायालय अहवाल मागवू 'शकते', एवढेच ते म्हणते. केव्हा मागवावा, हे सांगत नाही.

पुढे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मुलाचे हित सर्वांत वर ठेवले आणि पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे म्हटले. १९८४ साली कुटुंब न्यायालयांचा कायदा आला. १९८९ साली पुण्यामुंबईस ही न्यायालये सुरू झाली. इथे समुपदेशक असतात, तज्ज्ञांची मदत घेता येते, पुराव्याचे नियम सैल असतात, कामकाज बंद दाराआड चालवता येते. पण याच कायद्याने न्यायाधीशावर आधी समेट घडवण्याचे काम टाकले. समेट चांगलाच, पण मारहाणीच्या आरोपावर समेटाचे पांघरूण पडले, तर खाली दडपते ते पोर.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे बंगालमधले एक प्रकरण आले. आई मेली होती, तिच्या छळाचा व मृत्यूचा खटला बापावर चालू होता, आणि नातवाचा ताबा आजी-आजोबांना हवा होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी मूल बापाला दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. बापावरच्या आरोपाचा विचार ताबा देताना करायलाच हवा होता, आणि मुलालाही विचारायला हवे होते, असे त्यांनी ठरवले. न्यायमूर्ती स्वतः त्या मुलाशी बोलले.

तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक आरोपाची चौकशी करावी काय? नाही. सासूने टोमणे मारले, लग्नात मानपान झाला नाही, हे खणत बसले तर वर्षे जातील, आणि तेवढ्या काळात मूल एका पालकाला विसरून जाईल. २०२१ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने जी कसोटी लावली ती आपल्यालाही पटण्यासारखी आहे: मुलाविषयीचा हुकूम ठरवण्यासाठी त्या आरोपाचा निकाल लागणे जरूर आहे काय? जरूर असेल तर चौकशी हवी, नसेल तर नको. शिवाय एकेक प्रसंग सुटा न पाहता सारी वागणूक एकत्र पाहावी, असेही त्या न्यायालयाने सांगितले.

गुरुजी, यात तुमचाही संबंध येतो. मूल शाळेत कधीपासून गैरहजर राहू लागले, हे तुमचे हजेरीपुस्तक सांगते. ते नीट ठेवा. पण मुलाला बाजूला घेऊन तेच तेच विचारू नका, कारण धास्तावलेले पोर समोरच्याला हवे ते उत्तर देते. आणि चौकशी लांबली तरी तोवर मूल वाऱ्यावर सोडावे लागत नाही. त्याच १८९० च्या कायद्याचे कलम १२ तात्पुरत्या ताब्याचा व संरक्षणाचा हुकूम देऊ देते. तो अर्ज पहिल्याच तारखेला करावा.