रिमवरची पट्टी : सायकलच्या चाकातील एक दुर्लक्षित तजवीज

सायकलच्या हवेच्या टायरचा इतिहास रॉबर्ट विल्यम थॉम्सन याने 1845 मध्ये घेतलेल्या पेटंटपासून सुरू होतो आणि बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने 1888 मध्ये तीच कल्पना स्वतंत्रपणे सायकलवर उतरवली, या घटनेपाशी स्थिरावतो. ट्यूब आणि रिम यांच्यामध्ये बसणाऱ्या, जेमतेम बोटभर रुंदीच्या पट्टीला या इतिहासात सहसा जागा मिळत नाही. वास्तविक रस्त्यावरच्या काट्याखिळ्यांप्रमाणेच ट्यूबला चाकाच्या आतूनही धोका असतो आणि तो टाळण्याचे काम ही पट्टी करते. कारखान्यातील तयार पट्टी नेहमी हाताशी नसे, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांनी ती टाकाऊ वस्तूंतून बनवली. आणि या तजविजीत चाकाच्या रचनेची जी जाण दिसते, ती पेटंटांइतकीच नोंद घेण्याजोगी आहे.

हा आतला धोका टायरच्या सुधारणेतूनच उद्भवला. डनलॉपच्या सुरुवातीच्या टायरमध्ये रबरी नळी जाड कापडाच्या वेष्टनात बंद असे आणि ते वेष्टन रिमला चिकटवलेले असे. त्यामुळे नळीचा धातूशी थेट संबंध येत नसे, पण पंक्चर झाले की वेष्टन सोलून काढावे लागे. 1890 मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने टायरच्या कडांत तार बसवून, तर विल्यम एर्स्किन बार्टलेट याने जाड केलेल्या कडा रिमच्या वळलेल्या काठांत अडकवून टायर चढवण्या-उतरवण्याची सोय केली, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनीही सुटा होणारा टायर आणला. दुरुस्ती यामुळे पुष्कळच सोपी झाली. मात्र टायर खालच्या बाजूने उघडा राहिला आणि ट्यूब सरळ रिमच्या तळावर येऊन टेकली.

हा तळ सपाट नसतो. स्पोक म्हणजे चाकाचा मध्य आणि रिम यांना जोडणारी ताणलेली तार. तिचे बाहेरचे टोक ‘निपल’ या आतून आटे असलेल्या छोट्या नळीवजा नटात बसते. निपल फिरवले की स्पोक आवळला जातो, आणि निपलचे डोके रिमच्या तळावर, म्हणजे थेट ट्यूबखाली राहते. भारतात दीर्घकाळ चाललेल्या 28 इंची सायकलींत ब्रिटिश प्रघाताप्रमाणे पुढच्या चाकाला 32 आणि मागच्या चाकाला 40 स्पोक असत, म्हणजे दोन्ही चाकांत मिळून अशी 72 डोकी. चाक डगमगू लागले की त्याचा ‘आऊट’ काढावा लागतो, म्हणजे काही स्पोक आवळून आणि काही सैल करून ते सरळ फिरते करावे लागते. प्रत्येक आवळणीबरोबर स्पोकचे टोक निपलमध्ये थोडे वर सरकते, आणि पुष्कळदा आवळलेल्या जुन्या चाकात ते डोक्याच्याही बाहेर येऊन ट्यूबला टोचते. पावसाळ्यात रिममध्ये शिरलेल्या पाण्याने धरलेला गंज त्यात भर घालतो.

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात आणि राज्यातील लहानमोठ्या गावांत, तासाच्या भाड्याने सायकली देणाऱ्या दुकानांतून दुरुस्तीही होत असे, आणि तेथे या दोषाचे निदान ठरलेल्या रीतीने केले जाई. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवताना बुडबुडे बाहेरच्या अंगाने आले तर दोष टायरमध्ये शोधायचा, आतल्या अंगाने आले तर रिममध्ये. व्हॉल्व्हपासून छिद्रापर्यंतचे अंतर रिमवर जुळवले की नेमका स्पोक सापडतो. त्याचे टोक कानशीने घासून निपलच्या डोक्याशी सारखे करायचे आणि मगच पट्टी चढवायची. ठिगळे लावण्यापलीकडे गेलेली जुनी ट्यूब या पट्टीसाठी सर्वांत सोयीची ठरे, कारण ट्यूब मुळातच कड्याच्या आकाराची असल्याने तिच्या आतल्या अंगाने कापून काढलेली पट्टीही अखंड कडे असते, ती ताणून रिमवर घट्ट बसते, सोल्युशन लावावे लागत नाही आणि तिच्यातले मूळ व्हॉल्व्हचे भोकच रिमच्या भोकावर जुळवता येते. रुंदीचा अंदाज मात्र अचूक लागे. पट्टी अरुंद झाली तर ती बाजूला सरकून निपले उघडी पडत. रुंद झाली तर टायरच्या कडेची तार रिमच्या खाचेत नीट बसत नसे, टायर तेवढ्या जागी फुगे आणि हवा भरतानाच रिमबाहेर उसळण्याची भीती राही. कात्रीच्या या कामात वर्षानुवर्षांचा सराव दिसून येई.

टाकाऊ वस्तूंनी चाक आतून मजबूत करण्याचा एक मोठा प्रयोग व्हिएतनाममध्ये झाला. 13 मार्च ते 7 मे 1954 या काळात दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्याविरुद्ध लढल्या गेलेल्या लढाईसाठी व्हिएतनामी बाजूने 20,000 हून अधिक सायकली मालवाहतुकीला जुंपल्या. त्यांवर बसून न जाता, हँडलला आणि बैठकीमागे बांबू बांधून त्या ढकलत नेल्या जात. माणसाचे वजन पेलण्यासाठी बनलेल्या चाकांवर दोनतीनशे किलो ओझे येई, आणि मा व्हान थांग या वाहकाने तर एका खेपेत 352 किलो माल नेल्याची नोंद आहे. या ओझ्याखाली ट्यूब टिकाव्यात म्हणून वाहकांनी जुन्या कपड्यांच्या चिंध्या आणि निकामी ट्यूबांचे तुकडे आतल्या ट्यूबभोवती गुंडाळले. येथे पट्टी रिमपुरती न राहता ट्यूबचे संपूर्ण अस्तर झाली, आणि एका युद्धाची रसद काही अंशी त्या चिंध्यांवर अवलंबून राहिली.

पोकळ, दुहेरी भिंतीच्या ॲल्युमिनियम रिमचा प्रसार झाल्यावर प्रश्नाचे स्वरूपच पालटले. या रिममध्ये निपल खालच्या भिंतीवर बसते आणि ते आत घालण्यासाठी वरच्या भिंतीला मोठे छिद्र असते, त्यामुळे ट्यूबला टोचणारे टोक उरत नाही, पण हवेच्या दाबाने ट्यूबच छिद्रात शिरते आणि त्याच्या धारेवर कापली जाते. छिद्र 8 मिलीमीटर व्यासाचे आणि हवेचा दाब दर चौरस इंचाला 100 पौंड असेल तर त्या एका छिद्रावर सुमारे साडेतीन किलोचा भार पडतो. 40 पौंडांना तो दीड किलोच्या आतच असतो. जुन्या ट्यूबची पट्टी येथे अपुरी पडते, कारण ताणले जाण्याचा जो गुण तिला जुन्या रिमवर घट्ट बसवत असे, त्याच गुणामुळे ती छिद्रात खचते. विजेच्या कामाची प्लास्टिकची चिकटपट्टीही उष्णतेने मऊ होऊन सरकते. म्हणून न ताणणारी जाड सुती पट्टी रूढ झाली, आणि ती नसेल तेथे औषधाच्या दुकानातील कापडी चिकटपट्टी किंवा पार्सल बांधण्याची काचतंतूंची टेप दोन थरांत लावण्याची पद्धत पडली.

ट्यूबविरहित टायरमध्ये पट्टीवर आणखी एक जबाबदारी आली, ती म्हणजे स्पोकच्या छिद्रांतून हवा निसटू न देण्याची. डोंगरवाटांवर सायकल चालवणाऱ्या पाश्चात्त्य हौशी मंडळींनी यासाठी 20 इंची ट्यूब उभी चिरून 26 इंची रिमवर ताणून बसवली, टायर चढवल्यावर तिच्या बाहेर आलेल्या कडा कापून टाकल्या आणि आत पातळ रबरी द्राव ओतून सांधे हवाबंद केले. व्हॉल्व्ह त्या चिरलेल्या ट्यूबचाच वापरला गेला.