राखीव वाट

मुळशी तालुक्यातील हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांना जोडणी तुटून चालत नाही. म्हणून एक वाट राखीव असते. या राखीव वाटेचा इतिहास आपण पाहू.

अर्नेट प्रकल्पात १९८७ साली मुंबईतील एनसीएसटी व आयआयटी यांच्यात ई-पत्रे गेली ती टेलिफोनचा नंबर लावूनच. पुढे कायम जोडलेल्या भाड्याच्या लाइनी आल्या आणि टेलिफोन राखीव झाला. लाइन तुटली की राऊटर मोडेमकरवी नंबर लावी. ती पूर्ववत होताच फोन बंद करी. सेकंदाला ६४,००० बिटांच्या लाइनीऐवजी ९,६०० बिटांचा मोडेम आला, की दोन मिनिटांच्या कामाला तेरा-चौदा मिनिटे लागत. पण काम थांबत नसे.

मात्र दोन्ही तारा एकाच चरातून गेल्या असतील, तर कुदळीच्या एका घावात दोन्ही तुटतात. राखीव वाट वेगळ्या मार्गानेच हवी.